टवका भरायला शिकताना ३,६०० रुपयांना बसलेला टवका

साताऱ्यात हायवेलगत माझं गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं छोटं दुकान आहे. खडीच्या डंपरांचा रस्ता, त्यामुळे आठवड्याला दोन-तीन गिऱ्हाईकं पुढच्या काचेला टवका पाडूनच येतात. ते टवके भरायचं काम इथेच करून देता यावं म्हणून मी रेझिनचा, म्हणजे टवक्यात भरून दिव्याखाली कडक होणाऱ्या द्रवाचा, किट मागवला. इंजेक्टर, यूव्ही दिवा, ब्लेड सगळं आलं. आता हात बसवायला काच हवी होती. लोकांच्या गाडीवर शिकायची माझी छाती नव्हती.

एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्यातल्या एकाची जाहिरात दिसली. प्रॅक्टिससाठी लॅमिनेटेड तुकडे, फूट बाय फूट, टवके मारून तयार, सहा नग ३,६०० रुपये. सोबत काचेच्या कोपऱ्याचा फोटो, त्यावर आयएसआयचा छाप. तो बघूनच माझी खात्री पटली. फोनवर माणूस साखरेसारखा गोड. "दादा, अडलं तर व्हिडिओ कॉल करा, मी आहे ना." सगळे पैसे मी आधीच पाठवले. माल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून गोणपाटात बांधून आला.

पहिल्या तुकड्यावर इंजेक्टर बसवला, हवा ओढली, रेझिन सोडलं. रेझिन टवक्यात थांबेचना. आत कुठेतरी पसरत गेलं आणि दिव्याखाली सुकल्यावर तळहाताएवढा डाग राहिला. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. कॉल केला तर म्हणे, "दाब जास्त देताय, दादा." कमी दिला तर म्हणे, "दाब कमी पडतोय." दोन आठवडे दुकान बंद झाल्यावर मी बसत होतो आणि आपल्याच हाताला शिव्या देत होतो. किटमधलं रेझिन संपलं, वर आणखी दोन बाटल्या मागवल्या.

सहावा नग चौकोनी नव्हताच, कुठल्याशा गाडीच्या मागच्या दाराची तिकोनी काच होती. "साइजचा माल संपला, यावर टवका तुम्हीच मारा," असं त्याचं म्हणणं. सेंटर पंच, म्हणजे टवका पाडायचं टोकदार हत्यार, टेकवून दाबला मात्र, अख्खी काच खडीसाखरेसारखी मांडीवर सांडली. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

मग उरलेले तुकडे घेऊन आमच्याकडच्या जुन्या काचवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी एक तुकडा उन्हात धरला आणि मधोमध अंगठा दाबला. काचेत इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं उमटली, अंगठा सरकला तशी तीही सरकली. "मधे हवा आहे रे. खिडकीच्या दोन काचा आहेत या." कडेने ब्लेड फिरवलं, पारदर्शक गोंदाची दोरी निघाली आणि दोन्ही काचा पापडासारख्या सुट्या झाल्या.

खऱ्या पुढच्या काचेत, म्हणजे लॅमिनेटेड काचेत, दोन काचांच्या मधे पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पडदा असतो, साधारण पाऊण मिलिमीटरचा, दोन्ही काचांना घट्ट चिकटलेला. दगड लागला की टवका सहसा फक्त बाहेरच्या काचेला पडतो. पडद्याशी तो संपतो, म्हणून रेझिन तिथे कोंडून भरता येतं. माझ्या तुकड्यांत पडदाच नव्हता, रेझिन मधल्या फटीत पळत होतं. दारांच्या काचा बहुतेक टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, असतात. त्या कापता येत नाहीत आणि एका टोल्यात त्यांचा चुरा होतो, म्हणजे टवका भरायचा प्रश्नच नाही.

मामांच्या शेडमागे काढलेल्या आठ-दहा पुढच्या काचा भिंतीला टेकून उभ्या होत्या. आतल्या प्लॅस्टिकमुळे त्यांचा भंगारवाला त्या नेत नाही. "दोन उचल, माझी जागा मोकळी होईल." फुकट!

काच नेताना कोपऱ्यातला छाप वाचून घ्या, लॅमिनेटेड असं लिहिलेलं हवं. कड दुधाळ झालेली असली तर पडदा सुटलेला आहे, ती सोडा. आधीचे टवके शिकायला निरुपयोगी, त्यांत धूळ-पाणी मुरलेलं असतं. हातमोजे घालून कडेचं जुनं सीलंट खरवडा, काच धुवा आणि दिवसभर उन्हात वाळवा. कापायच्या भानगडीत पडू नका. मी अख्खी काच लाकडी चौकटीला गाडीत असते तशी तिरकी बांधली, मागे थर्माकोल लावला म्हणजे ठोका बसताना ती हलत नाही. फुगीर बाजू बाहेरची, टवका तिथेच मारायचा, कडेपासून लांब. पंचाचा ठोका हलका. आठवा टवका असा भरला की मलाच तो बोट फिरवून शोधावा लागला.

त्या माणसाला पैसे परत मागितले. "माल वापरलात, आता कसा घेऊ?" म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. ऑनलाइन पैसे गेले की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो. मी केला, पण तोवर दोन आठवडे हाताला शिव्या देण्यात गेले होते.

परवा मित्राच्या फोनवर तीच जाहिरात पुन्हा दिसली, आता ४,२०० रुपये. फोटोही तोच. या वेळी कोपरा मोठा करून पाहिला. आयएसआयच्या छापाखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, टफन्ड.