उबुंटूवर ग्नोम कॅलेंडर: जोडणी, वापर आणि दुसऱ्या शनिवारचा प्रश्न

घरच्या संगणकावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली घातल्यानंतर दिनदर्शिकेसाठी मी ग्नोम कॅलेंडर निवडले, ते मुख्यतः एका कारणासाठी: त्याची खिडकी बंद असली तरी आठवण वेळेवर येते. थंडरबर्ड या मेलच्या कार्यक्रमात २०२० सालच्या ७८व्या आवृत्तीपासून कॅलेंडर अंगभूतच आहे आणि सोयींच्या बाबतीत ते निःसंशय उजवे आहे. परंतु थंडरबर्ड चालू नसेल तर त्याची आठवणही येत नाही. आमच्याकडे मेल मोबाईलवरच पाहिली जाते आणि संगणकावर थंडरबर्ड चार-चार दिवस उघडले जात नाही, त्यामुळे हा फरक आमच्या दृष्टीने निर्णायक ठरला. ग्नोम कॅलेंडरच्या नोंदी इव्होल्यूशन डेटा सर्व्हर ही पडद्यामागे चालणारी सेवा सांभाळते, आणि पडद्याच्या वरच्या पट्टीतील घड्याळावर क्लिक केले की त्या दिवसाची कामे तिथेही दिसतात.

उबुंटूच्या या आवृत्तीची नेहमीची मांडणी आटोपशीर ठेवलेली असल्यामुळे हे कॅलेंडर वेगळे घालावे लागते. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्नोम-कॅलेंडर’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की ते काम संपते. खरी जोडणी मात्र कॅलेंडरच्या खिडकीत नसून सेटिंग्जमधील ‘ऑनलाईन अकाउंट्स’ या पानावर आहे. तिथे गूगलचे किंवा नेक्स्टक्लाउड या ऑनलाईन साठवणीच्या सेवेचे खाते जोडता येते, आणि उबुंटूचा डेस्कटॉप ज्यावर उभा आहे त्या ग्नोमच्या, मार्च २०२४ मध्ये आलेल्या ४६व्या आवृत्तीपासून, म्हणजे उबुंटूच्या याच आवृत्तीपासून, कॅलडॅव्ह हा कॅलेंडरच्या देवाणघेवाणीचा खुला संकेत पाळणाऱ्या इतर सेवाही जोडता येतात. खाते जोडल्यावर मेल, संपर्क, फायली आणि कॅलेंडर अशी वेगवेगळी बटणे दिसतात. त्यांपैकी कॅलेंडरचे तेवढे चालू ठेवावे, असा माझा सल्ला आहे.

यानंतर एक गोष्ट करायची राहिली, तर पस्तावण्याची वेळ येते. माझ्यावर ती आली. आईच्या दातांच्या डॉक्टरांची वेळ मी संगणकावर नोंदवली आणि मोबाईलवर ती आपोआप जाईल असे गृहीत धरले. प्रत्यक्षात नवी नोंद ‘पर्सनल’ नावाच्या स्थानिक कॅलेंडरमध्ये गेली होती, जे संगणकाबाहेर कुठेच जात नाही. त्या दिवशी संगणक बंद होता, मोबाईल गप्प होता, आणि आम्ही दवाखान्यात पोहोचलो ते दुसऱ्या दिवशी. ‘मॅनेज कॅलेंडर्स’मध्ये जाऊन आपले ऑनलाईन कॅलेंडर निवडावे आणि नव्या नोंदी त्यातच जाव्यात अशी खूण तिथे करून ठेवावी, एवढाच त्यावरचा उपाय आहे.

आठवडा रविवारी सुरू व्हावा की सोमवारी, हे कॅलेंडरमध्ये शोधून सापडत नाही, कारण ते प्रणालीच्या ‘फॉरमॅट्स’वरून ठरते. तिथे भारत निवडला तर रविवार पहिला येतो, ब्रिटन निवडले तर सोमवार.

पुनरावृत्तीच्या बाबतीत मात्र या कॅलेंडरचा हात आखडता आहे. रोज, सोमवार ते शुक्रवार, दर आठवड्याला, दर महिन्याला, दर वर्षाला, एवढेच पर्याय त्यात मिळतात. १ सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. ही साधी गोष्ट इथे एका नोंदीत बसवता येत नाही. मी ती थंडरबर्डमध्ये, त्याच ऑनलाईन कॅलेंडरवर, दुसऱ्या शनिवारची एक आणि चौथ्याची एक अशा दोन नोंदींनी बसवली, आणि ग्नोम कॅलेंडर ती आता बिनचूक दाखवते. अशा नोंदीत पुढे बदल करायचा झाल्यास तोही मी थंडरबर्डमध्येच करतो. एका कामासाठी दोन कार्यक्रम बाळगणे काहींना अव्यापारेषु व्यापार वाटेल. मला तो वाटत नाही, कारण थंडरबर्ड त्यासाठी वर्षातून दोन-तीनदाच उघडावे लागते.

तिथीपुढे मात्र दोन्ही कॅलेंडरे सारखीच हतबल आहेत. पुनरावृत्तीचे नियम इंग्रजी महिने मोजतात, त्यामुळे ‘दर संकष्टीला’ असे त्यांना सांगण्याची सोय नाही. २०२६ सालच्या तेरा संकष्ट्या मी पंचांग समोर ठेवून ‘घरचे सण’ नावाच्या वेगळ्या केशरी कॅलेंडरमध्ये एकेक करून लिहिल्या. आई तारखा वाचत होती आणि मी टंकत होतो, वीस मिनिटांत काम झाले. ६ जानेवारीला मंगळवार आला तेव्हा तिने ‘अंगारकी’ असे आवर्जून लिहायला लावले. पुढे थंडरबर्डमधून हे कॅलेंडर ‘.आयसीएस’ या कॅलेंडरांच्या सामायिक प्रकारातील फाईल म्हणून काढून मी धाकट्या भावाला पाठवले. त्याच्याही संगणकावर ग्नोम कॅलेंडर असल्याने फाईल उघडताच नोंदी कोणत्या कॅलेंडरमध्ये घालायच्या, असे त्याला विचारले गेले, आणि तेराही चतुर्थ्या एकदम त्याच्याकडे पोहोचल्या. चंद्रोदयाच्या वेळा मात्र मी त्यात घातल्या नव्हत्या. त्यासाठी त्याचा दर महिन्याला आईला फोन येतोच.