पंचवीस हजारात कॉलेजचा लॅपटॉप: लॅमिंग्टन रोडवरचा रिफर्बिश्ड थिंकपॅड टी480

आधीच सांगतो, हा नव्या लॅपटॉपचा रिव्ह्यू नाही, रिफर्बिश्ड म्हणजे वापरलेला, ठीकठाक करून पुन्हा विकलेला. भाचीला बीएस्सी आयटीला माटुंग्याला अ‍ॅडमिशन मिळाली, ताईचं बजेट पंचवीस हजार, फारच ताणलं तर सत्तावीस, आणि त्यात आम्ही घेतला लेनोवोचा थिंकपॅड टी480, 2018 चं मॉडेल, इंटेलचा आय5 8350यू प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 512 ची एसएसडी, जीएसटीच्या बिलासकट 23,500. एक सेमिस्टर डोंबिवली-माटुंगा लोकलमध्ये फिरून झालाय त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

नवीन का नाही घेतला हे सगळे विचारतात. तर या बजेटमध्ये शोरूममध्ये 'स्टुडंट लॅपटॉप' म्हणून जे दाखवतात ते एकदा नीट वाचा. सेलेरॉन एन4500 प्रोसेसर म्हणजे फक्त दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग). अ‍ॅथलॉन सिल्व्हर 7120यू, तेही दोनच. बॉडी चकाचक, आत्ताच्या वर्षाचा स्टिकर, आणि क्रोममध्ये आठदहा टॅब उघडून वर झूमचं लेक्चर लावलं की पंखा ओरडायला लागतो. बजेट अजून वाढवलं की रायझन 5 7520यू वाले येतात, नाव बघून वाटतं व्वा 7000 सिरीज, पण आतले कोअर झेन 2 आहेत, म्हणजे 2019 चं डिझाइन, शिवाय रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, 8 घेतली तर कायम 8 च राहणार. अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर (कॉम्प्युटरवरच चालणारा नकली फोन) एकत्र चालवायचं म्हटलं की 8 मध्ये रडारड होते, आणि हे सगळं सेकंड इयरपर्यंत येतंच. टी480 मध्ये चार कोअर आठ थ्रेड आणि रॅमचे दोन स्लॉट, मागचं कव्हर स्क्रू ढिले करून निघतं. फक्त सध्या रॅमचे भाव डोक्यावर गेलेत, म्हणून 'नंतर वाढवू' असं ठरवून 8 वाला घेऊ नका, 16 वालाच मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रोसेसरची जनरेशन, म्हणजे पिढी. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 मोजके अपवाद सोडले तर अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं. लॅमिंग्टनला, म्हणजे मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, सहाव्या-सातव्या जनरेशनचा माल ढिगाने पडलाय आणि तो स्वस्त दिसतो तो त्याचमुळे. टी470 सोडा, टी480 घ्या. डेलमध्ये लॅटिट्यूड 7480 नको, 7490 चालेल. एचपीत एलिटबुक 840 चे जी3, जी4 नकोत, जी5 पासून पुढे. दुकानदार म्हणेल 'इसमें भी ग्यारह डाल के दूंगा', डालतो तो, चालतं पण, पण पुढचे अपडेट येतील की नाही याची जबाबदारी कुणी घेत नाही. स्टिकरवर जाऊ नका, सिस्टिमच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोसेसरचा नंबर बघा, आय5 च्या पुढे 8 ने सुरू होणारे चार आकडे पाहिजेत (किंवा 10, 11 वाले परवडले तर उत्तमच).

लॅमिंग्टन रोडला जायचं तर ग्रँट रोड स्टेशनला ईस्टला उतरायचं, फास्ट गाडी तिथे थांबत नाही, सेंट्रलवाल्यांनी दादरला बदलून वेस्टर्नची स्लो पकडायची. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. रस्त्यावर उभे राहून 'लॅपटॉप? रिपेरिंग?' करणारे असतात त्यांच्यामागे न जाता दोनचार दुकानात सरळ कॉन्फिगरेशन सांगून भाव काढायचा, सेम कॉन्फिगरेशनला दोन-तीन हजारांचा फरक आरामात निघतो. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण अशा दुकानात माल लॉटमध्ये येतो, आमचा पीस चांगला निघाला म्हणजे तुमचा निघेलच असं नाही. त्यामुळे दुकानापेक्षा पीस तपासायला शिका.

हे लॅपटॉप मोठ्या कंपन्यांमधून लीज संपल्यावर बाहेर पडलेले असतात, आणि खरी भानगड तिथेच आहे. कंपनीने तो आपल्या सिस्टिममधून सोडवला नसेल तर आज मस्त चालेल आणि सहा महिन्यांनी विंडोज रिसेट केलं की स्क्रीनवर कुठल्यातरी कंपनीचं नाव आणि लॉगिन मागणारी चौकट. म्हणून दुकानातच रिसेट मारायला सांगा आणि सेटअप चालू असताना स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. नेट नसताना हे कळत नाही. आमच्या दुकानदाराने तोंड वाकडं केलं, 'साहब आधा घंटा जायेगा', मी म्हटलं जाऊ दे, आम्ही चहा पिऊन येतो. मग चालू करताना एफ1 दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरायचं. पासवर्ड मागितला तर तो पीस तिथेच ठेवायचा, थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड सहजासहजी निघत नाही. तिथेच सिक्युरिटीमध्ये कॉम्प्युट्रेस (चोरीचा लॅपटॉप लांबून शोधायची सोय) नावाची ओळ असते, ती अ‍ॅक्टिव्हेटेड दिसली तर तोही नको.

बॅटरीचं विंडोजच रिपोर्ट देतं, कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport एवढं टाइप केलं की फाइल तयार होते, त्यात मूळ क्षमता किती आणि आता फुल चार्ज किती हे समोरासमोर दिसतं. टी480 ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत 24 वॉटअवरची आणि एक मागे काढता येणारी, दोन्हींचे आकडे बघा. आमच्या पीसची आतली ठीक होती, मागची पार गेलेली, अर्ध्याच्याही खाली. दुकानदाराचं ठरलेलं वाक्य, 'बॅटरी तो कन्झ्युमेबल है'. मग त्यावरून पंधराशे कमी करून घेतले आणि मागची बॅटरी वेगळी, नवी, 48 वाली घेतली.

आणि या एका गोष्टीसाठी मी हा लॅपटॉप कुणालाही सांगेन. आतली बॅटरी चालू असल्यामुळे मागची बॅटरी लॅपटॉप बंद न करता काढता-लावता येते. कॉलेजच्या वर्गात प्लग पॉइंट म्हणजे भिंतीलगतच्या दोन बाकांना, तिथे आधीच कुणाचातरी मोबाइल लटकलेला असतो, त्यात भाचीची धावपळच संपली. 24, 48 आणि 72 अशा तीन साइज येतात. मोठ्या दोन खालच्या बाजूला थोड्या बाहेर येतात, लॅपटॉप मागून उचलला जातो, टायपिंगला उलट बरं पडतं, पण बॅगेत जागा खातात आणि वजन वाढतं. छोट्या बॅटरीसकट तो साधारण 1.6 किलोचा आहे, 48 वालीने थोडा वर जातो. कमी नाहीये. पण सकाळच्या डोंबिवली लोकलला बॅग पुढे छातीशी धरून उभं राहायचं असतं तिथे गेमिंग लॅपटॉपचे सव्वादोन-अडीच किलो अधिक त्याचा विटेएवढा चार्जर, हे ज्याने एकदा केलंय त्याला सांगावं लागत नाही. चार्जिंग टाइप-सी वर होतं, 65 वॉटचा कुठलाही चांगला पीडी (पॉवर डिलिव्हरीवाला) चार्जर चालतो, घरी एक आणि बॅगेत एक ठेवला की झालं.

या टाइप-सीचं एक मात्र जपायला हवं, पोर्ट थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला आहे, वायर लावून ओढाताण केली तर दुरुस्ती महाग. शिवाय त्या काळातल्या थिंकपॅडच्या थंडरबोल्ट (टाइप-सीचा वेगवान प्रकार) फर्मवेअरमध्ये एक दोष होता ज्याने पोर्ट हळूहळू काम करणं सोडायचा, लेनोवोने त्याचा अपडेट दिलाय, घरी आणल्या आणल्या लेनोवो व्हँटेज हे कंपनीचं अपडेटचं सॉफ्टवेअर टाकून तो अपडेट मारून घ्या, बाकीचं सगळं नंतर.

कीबोर्डबद्दल काय बोलायचं, याच्या दुप्पट किमतीच्या नव्या लॅपटॉपलाही असा नसतो. लॅनचा, म्हणजे नेटची वायर लावायचा पोर्ट आहे (लॅबमध्ये वायफाय मेलं की याचं मोल कळतं), फुल साइज एचडीएमआय आहे म्हणजे प्रेझेंटेशनच्या वेळी 'सर कनेक्टर आहे का' करत फिरावं लागत नाही, कॅमेऱ्याला सरकवायची झडप आहे, कॅमेरा स्वतः भिकार आहे. स्पीकर खाली आहेत, गादीवर ठेवला की आवाज गायब.

स्क्रीन ही याची खरी दुखरी बाजू. बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात, एक 1366 बाय 768 वाली, ती अजिबात घेऊ नका, फुकट दिली तरी. दुसरी फुल एचडी आयपीएस, ती चालते, पण उजेड कमी आणि रंग फिके. खिडकीजवळ बसून काम करणं अवघड. भाची म्हणते, 'मामा, यावर फोटो बघितला की सगळे आजारी दिसतात.' खोटं नाही ते. दुकानात पांढरं पान उघडून डाग बघून घ्या, दाबल्याचे डाग पांढऱ्यावरच दिसतात.

म्हणूनच बीएएमएमसीवाल्यांनी (मास मीडियावाल्यांनी), आर्किटेक्चरवाल्यांनी, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी हा घेऊ नये, ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही, इंटेलचं यूएचडी 620 आहे, थ्रीडी आणि रेंडरिंगला ते पुरणार नाही. त्यांनी बजेट वाढवावं, दुसरा इलाज नाही. कॉमर्स, आयटी, सीएस, बीएमएस, साधं इंजिनीअरिंगचं फर्स्ट इयर, यांना भरपूर. मशीन लर्निंगचं काही आलं तर गूगलच्या ऑनलाइन कोलॅबवर करायचं, तसंही सगळी पोरं तेच करतात.

अजून एक, दुकानदार 'ऑफिस डाल के देता हूं' म्हणतो ते क्रॅक असतं, टाकू देऊ नका. कॉलेजचा ईमेल आयडी मिळाला की बऱ्याच ठिकाणी मायक्रोसॉफ्ट 365 फुकट मिळतं, नाहीतर फुकटचं लिब्रेऑफिस आहेच. विंडोज अ‍ॅक्टिव्हेटेड आहे ना ते मात्र सेटिंग्जमध्ये बघा. वॉरंटी सहा महिन्यांची, ती बिलावर लिहून घ्या, सिरियल नंबरसकट.

आता पुढची मागणी मॉनिटरची आलीये, स्क्रीनचा वैताग घरी तरी नको म्हणून. जुना 22 इंची लॅमिंग्टनलाच बघणार, फुल एचडी असेल तर एचडीएमआयवर आरामात चालतो. तुम्ही 4के घेणार असाल तर याचा एचडीएमआय 1.4 आहे, त्यावर 30 हर्ट्झच मिळतील आणि माउस ओढल्यासारखा वाटेल, टाइप-सी वरून डिस्प्लेपोर्टची वायर घ्या.