अपडेटनंतर नेमकं काय बदललं? झेरॉक्सच्या दुकानात लिनक्स मिंटचे पंधरा महिने

लातूरला ट्यूशन एरियात माझं झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर. त्यातल्या दोनवर २०२४ च्या ऑगस्टमध्ये लिनक्स मिंट २२ टाकली, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम. तिसऱ्यावर विंडोज तशीच ठेवली, कारण लग्नपत्रिका सगळ्या कोरलड्रॉमध्ये असतात. मिंट टाकलेली दोन्ही मशीन चौथ्या पिढीच्या आय-थ्रीची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं, आणि असला जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतच नाही. चांगली चालती मशीन भंगारात कशाला घालायची, एवढाच हिशोब.

मिंट दिसते कशी, पळते कशी यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एकाच गोष्टीबद्दल लिहितोय: अपडेट टाकल्यावर आत काय बदललं हे आपल्याला कळतं का? घरी बटण इकडचं तिकडं झालं तर माणूस चहा पीत पीत शोधतो. माझ्या काउंटरला बारा पोरं उभी असतात आणि प्रत्येकाचा क्लास दहा मिनिटांत सुरू होणार असतो.

मोबाइलमध्ये याची सवयच गेली होती. हिशोबाचं एक अ‍ॅप वापरतो, नाव घेत नाही. एके दिवशी सकाळी दिवसाची बेरीज दिसायची ती जागाच गायब. 'नवीन काय' मध्ये बघितलं तर नेहमीचंच वाक्य: किरकोळ दुरुस्त्या आणि कामगिरीत सुधारणा. मागच्या महिन्यातही तेच होतं. किराणा दुकानदारानं बिलावर नुसतं 'सामान' लिहून द्यावं, तसं.

मिंटमध्ये खाली कोपऱ्यात ढालीचं चित्र असतं, तोच अपडेट मॅनेजर. यादीतल्या कुठल्याही ओळीवर क्लिक केलं की खाली तीन कप्पे उघडतात: ही वस्तू काय आहे, तिच्यात कोणकोणती पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) आहेत, आणि चेंजलॉग, म्हणजे काय बदललं याची नोंद. पहिले दीड महिने मी चेंजलॉगकडं ढुंकूनही बघितलं नाही. इंग्रजी, तेही प्रोग्रॅमर लोकांनी आपसांत बोलल्यासारखं. नेट मंद असलं तर तो उघडायलाही वेळ घेतो.

वाचायची वेळ आली ती २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस. २६ तारखेला बातमी फुटली की लिनक्समधल्या कप्स या प्रिंटिंगच्या यंत्रणेत भोक आहे, बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर 'प्रिंटर ताबडतोब बंद करा' इथपर्यंत गाडी गेली. माझा धंदाच प्रिंटरवर. पुढच्या अपडेटच्या यादीत कप्सची नावं दिसली तेव्हा पहिल्यांदा नीट बसून चेंजलॉग वाचला. वर कॅपिटल अक्षरात 'सिक्युरिटी अपडेट', खाली नंबर: सीव्हीई-२०२४-४७१७६. सीव्हीई म्हणजे अशा दोषांचा जगभर चालणारा नोंदणी क्रमांक, मधला आकडा साल. त्याचा अर्थ लावता लावता कळलं की कप्स-ब्राउझ्ड नावाचा एक भाग नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधण्यासाठी ६३१ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, कान लावून बसायचा आणि कुणीही सांगितलं तरी विश्वास ठेवायचा. कुणी बनावट प्रिंटर घुसवला आणि आपण त्याच्यावर प्रिंट सोडली की त्याचं फावलं. दुरुस्ती म्हणून शोधायची ती जुनी पद्धतच काढून टाकली होती. माझे दोन्ही प्रिंटर यूएसबीच्या वायरनं जोडलेले, म्हणजे अपडेट टाकूनही माझं काही अडणार नव्हतं. ज्याचे प्रिंटर त्या जुन्या पद्धतीनं नेटवर्कवर सापडत होते, त्याला मात्र ते हातानं जोडावे लागले असते. हे आधी माहीत असणं आणि पोरं उभी असताना कळणं यात फार फरक आहे.

त्याच वेळी एक कोडंही सुटलं. कप्सचा आकडा अपडेटच्या आधी २.४.७ होता आणि नंतरही २.४.७ च. मला वाटलं अपडेट लागलंच नाही. पण मिंट २२ ही उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिथली रीत अशी की मूळ सॉफ्टवेअरची आवृत्ती तीच ठेवायची, फक्त दोषापुरतं ठिगळ मागं आणून लावायचं. म्हणून बदल दिसतो तो शेपटीत, 'उबुंटू' शब्दाच्या पुढच्या आकड्यात. आता मी शेपटीच बघतो. सुरुवातीचा आकडा तसाच आणि शेपूट हललेली असली की समजायचं, दुरुस्ती आहे, बटणं जागच्या जागी असणार.

ब्राउझरचं तसं नाही. फायरफॉक्सची मोठी आवृत्ती दर चार आठवड्यांनी येते आणि खरोखर काहीतरी इकडचं तिकडं होतं. त्यासाठी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या रिलीज नोट्स वाचाव्यात, त्यात नवीन काय, दुरुस्त काय, हे सरळ वाक्यात असतं.

आता खरा प्रसंग. २०२५ साली ४ मेला नीटची परीक्षा होती. आदल्या दिवशी सकाळपासून हॉलतिकिटाची रांग रस्त्यापर्यंत. दुसऱ्या नंबरच्या मशीनवरून निघणारं प्रत्येक पान खालून कापलेलं, शेवटच्या सूचना अर्ध्यावरच गायब. हाताखालचा पोरगा म्हणाला, "सर, खालून कापून यायलंय. रात्री अपडेट टाकलंव ना, त्येनंच झालं." मलाही तेच वाटलं. रांगेतला एक बाप तर म्हणाला, "विंडोजच बरं होतं बघा."

अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मध्ये अपडेटचा इतिहास असतो: तारीख, पॅकेज, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती. उघडला. रात्रीच्या तारखेला पाच-सहा नावं होती, पण त्यात ना कप्स, ना प्रिंटरचा ड्रायव्हर, ना पीडीएफ उघडणारा प्रोग्रॅम. म्हणजे अपडेट निर्दोष. मग दोषी कोण? पान हातात घेऊन पट्टीनं मोजलं, खालून पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास खाल्लेलं. ए४ ची लांबी २९७ मिलिमीटर, अमेरिकेत चालणाऱ्या लेटरची २७९. फरक अठराचा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये गेलो तर कागद 'लेटर' वर ठेवलेला. आदल्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकाच्या पोराचे परदेशी कॉलेजचे कागद काढले होते, तेव्हा मीच केलं होतं आणि परत फिरवायला विसरलो. पोराकडं बघायची सोय राहिली नाही.

इतिहासाचा हा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता. अपडेटवर आरोप करायला तो जेवढा कामाला येतो, त्याच्या दसपट अपडेटला सोडून द्यायला येतो. नाहीतर मी त्या रांगेसमोर अपडेट मागं फिरवत बसलो असतो, टाइमशिफ्टनं सगळी सिस्टीम आदल्या दिवसावर नेली असती, आणि पान तरीही कापूनच आलं असतं असं नाही, कदाचित सेटिंगही मागं जाऊन नीट आलं असतं! मग जन्मभर अपडेटलाच शिव्या दिल्या असत्या. माणसानं केलेला बदल या इतिहासात येत नाही, म्हणून आता काउंटरला सुतळीनं एक वही बांधली आहे. सेटिंगला हात लावला की लिहायचं.

लाइटचंही सांगितलं पाहिजे. उन्हाळ्यात एकदा अपडेट चालू असताना लाइट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी आधीच मरायला टेकलेली. सकाळी अपडेट मॅनेजर काही केल्या पुढं जाईना. पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, व्हार, त्याच्यात लॉग, त्याच्यात एपीटी, तिथं हिस्टरी डॉट लॉग उघडा." त्यात प्रत्येक वेळची सुरुवातीची तारीख, काय-काय बदललं आणि शेवटची तारीख असते. आमच्या शेवटच्या नोंदीला सुरुवात होती, शेवट नव्हता. मग त्यानं फोनवर एकेक अक्षर सांगून टर्मिनलवर ओळ लिहून घेतली: सुडो डीपीकेजी, दोन डॅश लावून कॉन्फिगर, मग एक डॅश आणि ए. अर्धवट राहिलेली पॅकेजेस पाच मिनिटांत जाग्यावर बसली. तेव्हापासून अपडेट सकाळी दुकान उघडल्यावर, लाइट असताना आणि आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घेऊनच. शनिवार, परीक्षेचा आठवडा आणि फॉर्मची शेवटची तारीख सोडून.

सगळे चेंजलॉग मी वाचत नाही, वाचणं शक्यही नाही. कप्स, ड्रायव्हर, कर्नल (लिनक्सचा गाभा), ब्राउझर आणि मराठी टायपिंगचं आयबस, एवढ्यांवर नजर. सहावं नाव नंतर वाढलं: हार्फबझ. लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं सॉफ्टवेअर) जोडाक्षरं जुळवायचं काम त्याच्याकडं असतं. ते यादीत दिसलं की अपडेटनंतर एक पान छापतो: ऱ्हस्व, दऱ्या, कृष्ण, ज्ञानेश्वर, श्रीमंत, उद्घाटन, वाङ्मय. 'दऱ्या' मधला अर्धा र नीट आला की बाकीचं बहुतेक नीटच असतं. पंधरा महिन्यांत अजून एकदाही बिघडलेलं सापडलं नाही, तरी छापतो.

तो कागद प्रिंटरच्या वर भिंतीला चिकटवलेला आहे. परवा नातवाची मार्कमेमो झेरॉक्स करायला आलेल्या आजोबांनी चष्मा वर करून तो पूर्ण वाचला आणि विचारलं, "हे कुठल्या परीक्षेचं म्हणायचं?"