ओट्यावरचा वजनकाटा: काही महिने रोज वापरल्यानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला डिजिटल वजनकाटा थंडी सुरू झाली तरी आमच्या ओट्यावरून हललेला नाही. पाच किलोपर्यंत वजन घेतो, एका ग्रॅमचा फरक दाखवतो, वर स्टीलची तबकडी आहे, आत दोन बारीक पेन्सिल सेल लागतात. हजार रुपयांच्या आत असे काटे मिळतात. घरात आम्ही चौघं: आई, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी. ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. आईला मधुमेह आहे. तिचं पथ्यपाणी डॉक्टरांनी ठरवून दिलंय आणि काट्याच्या भरवशावर मी त्यात काहीही बदलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

इतक्या महिन्यांनंतर माझं मत पक्कं झालंय की हा काटा कढईशी ठेवायचा, ताटाशी नाही. कच्चा तांदूळ, कच्ची डाळ, पीठ, तेल, चिरलेली भाजी हे सगळं शिजायच्या आधी मोजा. एकदा पातेल्यात चौघांपुरतंच पडलं की पानावर कोणी किती वाढून घेतलं हे बघायची गरज उरत नाही. जेवायला बसलेल्या माणसाची पोळी उचलून काट्यावर ठेवणं मला पटत नाही. आईच्या पिढीत तर खाणाऱ्याच्या पोळ्या मोजूच नयेत असं मानतात, आणि ते बरोबरच आहे.

किती शिजवायचं याला आधार म्हणून मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची आहार मार्गदर्शक तत्त्वं घेतली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) या संस्थेनं मे २०२४ मध्ये ती नव्यानं प्रसिद्ध केली, एकूण १७ आहेत. त्यात साधारण २००० किलोकॅलरींच्या दिवसाचं एक ताट दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्यांच्या जागी अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, दाणे-तेलबिया-सुकामेवा ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. ही वजनं कच्च्या जिनसांची आहेत. म्हणूनच काट्याची खरी जागा ओट्यावर आहे. वय, अंगमेहनत, आजार यांप्रमाणे प्रत्येकाचं प्रमाण कमीजास्त होणार, पण चौघांच्या घरासाठी गणित मांडायला हे ताट पुरेसं आहे.

सगळ्यात मोठा फरक पडला तो तेलात. बुधली काट्यावर ठेवायची, बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, कढईत तेल ओतायचं आणि बुधली परत जागेवर ठेवायची. पडद्यावर उणे १८ दिसलं की १८ ग्रॅम तेल फोडणीत गेलं. चमचा धुवायला नको, तेल सांडायला नको. आमच्याकडे पाच लिटरचा तेलाचा डबा महिन्याभरात संपायचा. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम भरतं; म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास. आता तोच डबा सहा आठवडे पुरतो, म्हणजे बरोबर २७ ग्रॅमवर आलो. बाहेरचा वडापाव, फरसाण, साजूक तूप यांतला हिस्सा वेगळाच, त्यामुळे अजून थोडं खाली यायला हवं.

तेल कमी केलं की भाजी बेचव लागते, ही तक्रार आमच्याकडेही झाली. पण त्यावर उपाय पद्धतीत आहे. भेंडीचं उदाहरण घ्या. अर्धा किलो भेंडी धुऊन फडक्यानं अगदी कोरडी पुसायची, मग चिरायची. २० ग्रॅम तेलात मोहरी, हिंग, हळद, लसूण आणि दोन हिरव्या मिरच्या. भेंडी टाकल्यावर झाकण ठेवायचंच नाही, पसरट कढईत मध्यम आचेवर परतत राहायचं, लगेच तीन-चार आमसुलं टाकायची म्हणजे तार सुटत नाही, आणि मीठ सगळ्यात शेवटी. चौघांना पुरते आणि माणशी पाच ग्रॅमच तेल पोटात जातं. दुधीला तर त्याहून कमी लागतं: ६०० ग्रॅम दुधी, ६० ग्रॅम भिजवलेली चणाडाळ, १५ ग्रॅम तेल, आणि झाकणावर पाणी ठेवून वाफ. वांग्याला मात्र मी कढईत तेल ओतत बसत नाही. वांगं स्पंजासारखं तेल पितं. त्याचं भरीतच करतो.

पोळीचं गणित सोपं निघालं. माझी पोळी ३० ग्रॅम पिठाची होते, मळलेला गोळा पन्नासच्या जवळ भरतो. सुरुवातीला दोन-चार गोळे काट्यावर ठेवून पाहिले, मग हाताला अंदाज आला. भाकरीनं मात्र घरातल्या सगळ्यांनाच चकित केलं. ज्वारीची एक भाकरी थापायला मला ६० ते ७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एक भाकरी ही दोन पोळ्यांच्या बरोबरीची. ज्वारी हलकी म्हणून पोळ्या जितक्या खायच्या तितक्याच भाकऱ्या खाल्ल्या, तर धान्य दुप्पट होतं. उष्मांकाच्या हिशेबात शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि शंभर ग्रॅम गव्हाचं पीठ यांत फार अंतर नाही. भाकरी खावी ती तंतूंसाठी, चवीसाठी, तेल न लागता होते म्हणून. वजन कमी करायचं म्हणून पोटभर भाकरीच खाणाऱ्या ओळखीच्यांना मी हे आवर्जून सांगतो.

साबुदाण्याचाही हिशेब एका एकादशीला मांडला. माणशी ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, वर चमचाभर तूप. अगदी बेताची खिचडी, तरी कोरड्या चार फुलक्यांइतके उष्मांक त्यात सहज होतात, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडी आम्ही सोडलेली नाही, पण ती आता नाश्ता नसून जेवण असते, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक.

डाळीचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमची रोजची आमटी मोजली तेव्हा माणशी २५ ग्रॅमच तूरडाळ निघाली. तुरीत साधारण २२ टक्के प्रथिनं धरली तर वाटीभर आमटीतून पाच-साडेपाच ग्रॅम मिळाली, बाकी पाणी. भात-आमटी रोज जेवतो म्हणून प्रथिनांची सोय झाली असं धरून चालणारी कितीतरी मराठी घरं आहेत, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते, विशेषतः साठीच्या पुढच्या माणसांची. त्यामुळे आम्ही सकाळचा नाश्ताच बदलला. आठवड्यातून तीनदा तरी मुगाची धिरडी होतात. चौघांना २४० ग्रॅम हिरवे मूग रात्री भिजत घालायचे, सकाळी आलं, मिरची, जिरं घालून जाडसर वाटायचे. त्यात २०० ग्रॅम किसलेलं गाजर किंवा दुधी आणि मूठभर कोथिंबीर. बिडाचा तवा चांगला तापवून धिरड्याला अर्धा चमचा तेल पुरतं. माणशी ६० ग्रॅम मूग म्हणजे तेरा-साडेतेरा ग्रॅम प्रथिनं नाश्त्यालाच मिळतात. बाकीचे दिवस मटकीची उसळ, पिठलं, नाहीतर अंडी. पोहे रविवारी, माणशी ५० ग्रॅम, आणि त्यात पोह्यांच्या दीडपट वजनाचे मटार-कांदा. आईनं पहिल्या वेळी विचारलं, “अरे, ही पोह्यांत भाजी घातलीस की भाजीत पोहे?” आता तीच मटार सोलून देते.

भाज्यांचे ४०० ग्रॅम मात्र आम्हाला अजून गाठता आलेले नाहीत. चौघांचे मिळून रोज एक किलो सहाशे ग्रॅम होतात, आणि तेही निवडून झाल्यावर. मेथीची जुडी निवडली की निम्म्याच्या आसपास वजन देठांत जातं. फ्लॉवरची पानं आणि दांडा काढला की तेच. त्यामुळे जांभळी नाक्यावरून पिशवी भरून आणलेली भाजी दोन दिवसांत संपते, आणि बटाटा तर मी भाजीत धरतच नाही. सध्या माणशी तीनशेपर्यंत पोचतो. त्यासाठी दोन गोष्टी कामाला आल्या: जेवणाआधी कोशिंबीर पुढ्यात ठेवणं, आणि पालक, मेथी, शेपू यांपैकी एक पालेभाजी डाळीत घालणं.

बायको रोज ठाण्याहून सीएसएमटीला लोकलनं जाते. तिच्या डब्यात दोन पोळ्या, दीडशे ग्रॅम भाजी, दही वेगळं. पण डबा दुपारी संपतो आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर पडेपर्यंत भूक कडाडते. म्हणून एका छोट्या डबीत ३० ग्रॅम भाजलेले चणे-शेंगदाणे देतो. शेंगदाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास तेल असतं, म्हणून तेही मोजूनच देतो. हातात घेऊन खाल्ले तर मुठीला हिशेब राहत नाही.

मिठाला हा काटा चालत नाही. दोन-तीन ग्रॅम चिमटीनं टाकले तर आकडा हलतही नाही. त्यावर उपाय वाण्याच्या यादीत मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. चौघांचे महिन्याला ६०० ग्रॅम होतात, म्हणजे किलोची पिशवी दीड महिना तरी पुरायला हवी. पिशवी फोडली की वर तारीख लिहितो. साखर, तेल आणि मीठ यांची महिन्याची यादी बघितली तर घर काय खातंय हे रोजच्या मोजणीपेक्षा लवकर कळतं. पापड, लोणचं आणि वेफर्सचं मीठ त्यात येत नाही, ते मनात धरायचं.

आता यंत्राबद्दल. पहिला नग पंधरवड्यात बंद पडला. बदलून मिळाला, पण विक्रेत्याला दोनदा व्हिडिओ काढून पाठवायला लागले. दुसरा नीट चाललाय. मोठी परात ठेवली की पडदा तिच्याखाली झाकला जातो, म्हणून तबकडीवर आधी एक उंच डबा ठेवतो, त्यावर परात, मग शून्य. दोन मिनिटं हात लावला नाही की काटा आपोआप बंद होतो आणि धरलेलं शून्य जातं. कणीक मळायला घेतली की हे हमखास होतं. त्यामुळे पीठ मोजून झाल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात घालायचा नाही. मिलिलिटरची सोय आहे, पण ती पाण्यापुरतीच खरी. तेलासाठी ग्रॅमच वापरा. डोक्यावर पंखा फिरत असेल तर हलक्या वजनाला आकडा नाचतो. जुलैत ठाण्याची ओल पडद्याच्या आत शिरली आणि आकडे धूसर झाले. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, सुधारला. गरम पातेलं कधीही ठेवू नका. काटा बरोबर आहे का हे पाहायला अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी बरी पडते: दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, तेव्हा ५१५ ग्रॅम आणि वर पिशवीचे दोन-चार एवढं यायला हवं.

घरात मुलं मोठी होत असतील तर एक विनंती आहे. आमच्या मुलीसमोर आम्ही उष्मांकांची भाषा बोलत नाही आणि तिला काट्यावर कधीच काही मोजून देत नाही. तिला भूक लागली तर ती तिसरी पोळी घेते, चौथीही घेते. पातेल्यात काय आणि किती पडलं हे मी पाहिलेलं असतं, बाकी तिचं पोट तिला सांगतं. या वयात अन्नाची धास्ती बसू नये, याला मी ग्रॅमच्या हिशेबापेक्षा जास्त महत्त्व देतो.

घ्यायचा असेल तर बटणासारख्या सेलवर चालणारा घेऊ नका. तो सेल संपत आला की आकडे चुकतात आणि नवा लगेच हाताशी नसतो. काचेच्या तबकडीपेक्षा स्टीलची बरी. मोबाइलला जोडणारे महागडे काटे स्वयंपाकाच्या घाईत उपयोगाचे नाहीत, ओल्या हातानं फोन कोण उघडणार? पाच किलोची क्षमता, एका ग्रॅमचा फरक, समोर पुढे आलेला पडदा आणि पेन्सिल सेल एवढं पाहून घ्या. आणि पहिल्या आठवड्यात फक्त तेल मोजा, बाकी काही नको.