घरपोच 'लिव्हर पॅकेज', मनीषनगर: सुई चांगली, यादी अर्धवट

लॅबचं नाव लिहीत नाही, कारण बाकीच्यांची पॅकेजंही थोड्याफार फरकाने अशीच असतात.

आधी कौतुक. सातची वेळ दिली होती, पोरगा पावणेसातलाच गेटवर हजर. आमच्या दादाची शीर सापडणं म्हणजे महाकठीण काम, एरवी दोन्ही हात काळेनिळे होतात. यानं पट्टा बांधून मनगटाच्या वरची शीर बोटानं शांतपणे चाचपली, एकाच टोचणीत रक्त काढलं आणि नळीवर नाव आमच्यासमोरच लिहिलं. संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर.

भांडण आहे ते रिपोर्टशी. एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन सगळं हिरव्या रंगात, आणि खाली अंगठा दाखवून 'तुमचे लिव्हर निरोगी आहे'. दादाला हिपॅटायटिस बी आहे, रक्तदानाच्या वेळी कळलं होतं. आता तो तोच अंगठा मला दाखवून म्हणतो, "सगळं हिरवं हाय ना, मंग सोनोग्राफी कायले?"

अहो, एसजीपीटी सांगतं लिव्हरच्या पेशींना सध्या इजा होते आहे का ते. आत गाठ वाढत असली तरी हा आकडा नॉर्मल येऊ शकतो. त्यातून हिपॅटायटिस बी असेल तर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर घट्ट होऊन आकसणं, नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. म्हणूनच दादाच्या डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्तातलं एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन) सांगितलंय. गाठ लहान असताना सापडली तर कापता येते, सुईनं जाळता येते, प्रत्यारोपणाचाही विचार होतो. प्रत्यारोपणासाठीचा 1996 चा मिलान निकष आजही वापरतात: एकच गाठ असेल तर 5 सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन, प्रत्येकी 3 सेंटिमीटरपर्यंत. पण सुरुवातीला काही दुखतच नाही. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं की माणूस धावतो, आणि तोवर उरलेलं लिव्हरच ऑपरेशन सोसण्याच्या लायकीचं राहिलेलं नसतं. मग गाठीचा रक्तपुरवठा बंद करा, सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधाच्या गोळ्या द्या, नाहीतर इम्युनोथेरपी. तीही लिव्हर कितपत साथ देतं ते पाहूनच.

या पॅकेजमध्ये व्हिटॅमिन डी आहे, बी-12 आहे. एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ओळखणारी, आणि हिपॅटायटिस सीची तपासणी मात्र नाही! सी बहुतेकांचा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, बी औषधांनी दाबून ठेवता येतो, पण आधी कळायला तर हवं. फोन केला तर, "मॅडम, पॅकेज फिक्स आहे, वेगळे पैसे लागतील." सरकारच्या 2018 पासूनच्या हिपॅटायटिस कार्यक्रमात या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत, हे त्यांनी कशाला सांगावं म्हणा.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही त्या पोराचे. दादाची सोनोग्राफी मी धंतोलीत लावली आहे, उपाशीपोटी यायला सांगितलंय, तर्री-पोहे नंतर.