पाऊस आला की नेट जायचं: फायबरचे आठ महिने

जानेवारीत हे फायबर इंटरनेटचं कनेक्शन घेतलं आणि पुढचे पाच महिने भेटेल त्याला हेच घ्या म्हणून सांगत होतो. जूनमध्ये ते सांगणं बंद केलं. आता परत सांगतोय, पण एक गोष्ट आधी तपासून घ्या. त्यासाठीच हे लिहितोय.

घर डोंबिवलीत, तिसरा मजला, भाड्याचं. १०० एमबीपीएसचा प्लॅन, जीएसटी धरून महिन्याला ७०७ रुपये. स्पीडबद्दल काहीच तक्रार नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून नेट जायला लागलं. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. ऑफिसचा कॉल चालू असताना दोनदा गेलं. लॅपटॉपला लॅनची वायर लावून १९२.१६८.१.१ (घरचा राउटर) आणि ८.८.८.८ (बाहेरचा, गूगलचा सर्व्हर) असे दोन पिंग, म्हणजे 'आहेस का' अशा सततच्या हाका, चालू ठेवले. राउटर अखंड उत्तर देत होता, तुटत होतं ते बाहेरचं. शिवाय राउटरवरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा. तो लागला म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये, मग त्यात वाय-फायचा संबंध उरत नाही. तरी कस्टमर केअरने दोन वेळा मेश राउटर (घरभर वाय-फाय पोचवणारे जोड-राउटर) घ्यायचा सल्ला दिला. तीन हजारांचा खर्च! मी साफ नाही म्हटलं. लाल दिवा लागलाय असं ग्राहक सांगत असताना त्याला नवीन वस्तू घ्यायला लावणं मला अजिबात पटलेलं नाही.

चार वेळा तक्रार नोंदवली. चारही वेळा नेट आपोआप आलं आणि 'समस्या सोडवली' असा एसएमएस येऊन तक्रार बंद झाली. लाइनमन मात्र भला माणूस. दोनदा आला, जिन्यातल्या डबीत पाणी शिरत असेल म्हणून जोड नव्याने केला, हिरवा कनेक्टर बदलला, अडॅप्टरही बदलून दिला, एक पैसा घेतला नाही. प्रकाश मोजायचा पॉवर मीटर लावला की मायनस २० डीबीएम (मायनसपुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). "पॉवर ओके आहे साहेब." आणि ती खरंच ओके असायची, कारण तो यायचा तेव्हा पाऊस थांबलेला असायचा.

मी वहीत वेळा लिहून ठेवत होतो. नुसती रिपरिप असली तर काही होत नसे. वाऱ्याबरोबर सरी आल्या की लाल दिवा. त्यामुळे पाण्याचा संशय माझ्याही मनात पक्का झाला होता.

उलगडा झाला गणपतीत. दिवस कोरडा, कडक ऊन. खालच्या मांडवात स्पीकर सुरू झाला म्हणून आईने हॉलची सरकती खिडकी घट्ट लावून घेतली, आणि दिवा लाल! खिडकी उघडली. मिनिटभरात नेट परत.

आमची केबल त्याच खिडकीच्या चौकटीतून आत आली आहे. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, म्हणून जानेवारीत तशीच ओढली आणि मीही हो म्हटलं होतं. एरवी ती खिडकी चार बोटं उघडी असते. पश्चिमेकडून झड आत यायला लागली की आम्ही ती पूर्ण लावतो, तेव्हा खिडकीची पट्टी केबलवर दाबते. आतला तंतू काचेचा. तो तुटला नाही, नुसता जास्त वाकला, तरी प्रकाश त्या वळणावर बाहेर निसटतो.

लाइनमनकडून पासवर्ड घेऊन राउटरचं पान उघडलं. त्यात येणाऱ्या प्रकाशाची पॉवर दिसते. खिडकी उघडी असताना मायनस २०.८. पट्टी जेमतेम टेकवली तर मायनस २४.३. हा आकडा दर ३ डीबीने (डेसिबलने) घसरला की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे नुसत्या टेकण्याने निम्म्याहून जास्त गेला. हे राउटर साधारण मायनस २७पर्यंत तग धरतात. खिडकी दाबून लावली की त्याच्याही खाली, आणि लाल दिवा.

हा एक आकडा जूनमध्ये दिसला असता तर अडीच महिने वाचले असते. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बिल आहे, प्लॅन वाढवायचं बटण आहे, स्पीड टेस्ट आहे, हा आकडा नाही. राउटरच्या पानावर आहे, पण ग्राहकाला दिलेल्या लॉगिनमधून ते पान उघडत नाही. आणि हाच आकडा कंपनीला तिच्या टोकावरूनही वाचता येतो. चार तक्रारींत एकदाही कुणी तो बघून बोललं नाही, याचा मला राग आहे. वेग दहाने कमी द्या, पण हा आकडा ग्राहकाला दाखवा.

लाइनमनने दबलेला तुकडा काढून नवीन वायर एसीच्या पाइपसाठी आधीपासून असलेल्या भोकातून आत घेतली. वायर आणि मजुरीचे ४०० रुपये आनंदाने दिले. तुमची केबल खिडकीतून किंवा दाराच्या फटीतून आली असेल तर आजच एकदा खिडकी-दार पूर्ण लावून दिवा बघा. नवीन कनेक्शन घेत असाल तर वायर ओढायच्या आधीच रस्ता ठरवा, आणि जोडून झाल्यावर मीटरवरचा आकडा लिहून घ्या.

परवा रात्री दोन तास झोडपून पाऊस पडला. सगळ्या खिडक्या बंद होत्या. मायनस २०.६. काल सहा महिन्यांचा रिचार्ज केला.