उंच काचांसाठी पाण्याचा पोल : कार्बनचा की ग्लास फायबरचा?

घोडबंदर रस्त्यालगतच्या सोसायट्यांमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या काचा जमिनीवरूनच धुता याव्यात, म्हणून आम्ही ४० फुटी कार्बन फायबरचा पोल (टोकाच्या ब्रशपर्यंत नळीने पाणी नेणारा, उघडून लांब करता येणारा दांडा) घेतला. ग्लास फायबरचा पोल पुष्कळ स्वस्त पडतो. परंतु पूर्ण उघडल्यावर त्याचे टोक इतके लवते की ब्रश काचेवर नीट टेकण्याआधीच खांदे भरून येतात. कार्बनचा ताठ राहतो, मात्र तो विद्युतवाहक असल्याने वीजतारांच्या आसपास उचलूच नये (भिजलेला ग्लास फायबरही निर्धोक नव्हे). पोलचे भाग जागी घट्ट धरणारे क्लॅम्प हातमोजे घालूनही सहज उघडतात. धूळ बसली की कुरकुरतात, तेव्हा काम संपताच ते धुवावेत.

आमच्या मते पैसे वाचवायचेच असतील तर पोलमध्ये वाचवावेत, पाण्यात नव्हे. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार काच वाळल्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने उमटतात. याउलट आरओमधून आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या टाकीतून काढलेले, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र) शून्याच्या जवळपास आकडा दाखवणारे पाणी पुसावेच लागत नाही. सरकत्या खिडक्यांच्या खाचेतला गाळ मात्र कोणत्याही पोलने निघत नाही. तो घरातूनच, हाताने काढावा लागतो.